आप्पाकाकांची नवार

माझे थोरले काका वारल्यानंतर एकदाच माझ्याबरोबर समुद्रावर आले होते.

(हसू नका. मीही तेव्हा हसलो नव्हतो.)

आप्पाकाका म्हणजे वसईजवळच्या सांडोरच्या आमच्या वाडीतला सगळ्यात घट्ट पकडीचा माणूस. केळीचा घड धरला तर घड खाली यायचा आणि पाहुणा धरला तर पाहुण्याची शेवटची बस जायची! लहानपणी मी वाडीतल्या बावखलात, म्हणजे शिंपण्याच्या तळ्यात पडलो होतो. काकांनी कमरेच्या करगोट्याला धरून मला वर काढलं आणि तसंच लोंबकळत ठेवून माझ्या वडिलांशी भांडण केलं. ते संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "परत पाण्यात दिसलास ना, तर असेन तिथून येईन आणि कमरेला धरीन!"

"असेन तिथून" या शब्दांकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

काका गेले ते त्यांच्या नेहमीच्या खाटेवर. खाट नवारीची होती, रुंद सुती पट्ट्यांनी विणलेली. आमच्याकडे गेलेल्या माणसाची खाट तेराव्याला दान देतात. काकीने खाट दिली, पण नवार सोडवून घेतली. "चांगली जाड आहे. असू दे घरात," ती म्हणाली. गुरुजींनी काही सांगायला तोंड उघडलं, काकीकडे पाहिलं आणि मिटलं. नवार गुंडाळून माळ्यावर गेली. मला विचाराल तर काकाही तिच्याबरोबर माळ्यावर गेले.

मग आला आमचा मेहुणा दिलीप. नोकरी बँकेत, डोकं समुद्रात! गावात नुकतंच केबल आलं होतं आणि हा रात्रंदिवस खेळांचं चॅनल बघायचा. कोकणातलं कुठलंसं रिसॉर्ट बंद पडलं, तिथून याने एक जुनी कॅटमरान टेम्पोत घालून आणली. कॅटमरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मध्ये ताणलेली जाळी आणि वर एक शीड. तिला वाडीत उतरवताना दोन केळी आडव्या झाल्या आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, तिच्या भावाशी आठवडाभर बोलली नाही. (माझ्याशी पंधरा दिवस. का, ते अजून कळलेलं नाही.)

"भावोजी, सोपं आहे," दिलीप म्हणाला. "शिडात वारा भरला की होडी एका अंगाला कलते. मग एकाने डोलकाठीच्या तारेला लटकून दुसरीकडे बाहेर झुकायचं. पाय होडीच्या काठावर आणि अंग पाण्यावर आडवं!"

"एकाने म्हणजे कोणी?"

दिलीपने माझ्या पोटाकडे आदराने पाहिलं. "वजनदार माणसाने."

अडचण एकच होती. तारेत अडकवायचा कंबरपट्टा, ज्याला हार्नेस म्हणतात, तो काही टेम्पोतून उतरला नव्हता. पण आम्ही वाडीतली माणसं, पट्ट्यासाठी अडून बसतो होय? मी माळ्यावरून नवार काढली. दाभण आणि सुतळी घेऊन तिची लंगोटासारखी जबरदस्त झोळी शिवली. राहिला पोटावरचा हुक.

"खऱ्या हार्नेसचा हुक उघडा असतो," दिलीप म्हणाला. "झटक्यात सुटतो."

"सुटतो? मग त्याचा उपयोग काय?"

दिलीपने विचार केला. "ते पण खरं."

आमच्या घरात सुरक्षित म्हणजे घट्ट बांधलेलं. गॅसची शेगडी, पाहुण्यांच्या बॅगा, लहान मुलं, सगळं आम्ही बांधतो. मी झोपाळ्याच्या कडीचा चापाचा हुक काढून नवारीवर ठोकून बसवला आणि छाती फुगवून म्हणालो, "जीव जाईल, पण हा हुक सुटणार नाही!"

(किती अभिमानाने बोललो होतो मी ते!)

हार्नेस ओटीवरच्या खुंटीला टांगला. पहिल्याच तिन्हीसांजेला तो वाजला. कुर्रर्र… कुर्रर्र… वारा नव्हता. केळीचं पानही हलत नव्हतं. काका जेवून खाटेवर कुशीला वळले की अगदी असाच आवाज यायचा. आम्ही सगळे एकमेकांना चिकटून बसलो. काकी तेवढी शांतपणे उठली, चहाचा कप आणला आणि खुंटीखालच्या बाकावर ठेवला.

"काकी, हे काय?"

"या वेळेला लागतो त्यांना."

थोड्या वेळाने पाहिलं तर कप अर्धा! मी रामरक्षा सुरू केली. (चहा दिलीपने प्यायला होता, पण हे त्याने सांगितलं ते होडी पालथी झाल्यानंतर!)

हिवाळ्यातल्या एका पहाटे आम्ही सुरूच्या बागेपाशी होडी पाण्यात ढकलली. निघताना काकीने माझ्या डोक्यात काकांची गावभर ओळखीची कानटोपी घातली. लाइफ जॅकेटं दोन होती. माझ्या पोटावर एकाचंही बक्कल लागेना, म्हणून आम्ही दोन्ही जाळीला करकचून बांधून ठेवली. हरवायला नकोत!

पाण्यावर धुक्याचा थर होता. जमिनीकडून मतलई वारा सुटला होता. किनारा गेला, सुरूची झाडं गेली, मग किल्ल्याचा बुरूजही नुसता वरचा तेवढा राहिला, खाली काही नसल्यासारखा. दिलीप शिडाच्या पलीकडे सुकाणूवर होता. तोही दिसेना, नुसता आवाज आला, "भावोजी, लटका!"

मी हुकात तार अडकवली, चाप खटकन बसला आणि मी बाहेर झुकलो. खाली काळं पाणी, वर काही नाही. सगळा भार नवारीवर आला आणि माझ्या कमरेतून आवाज आला, कुर्रर्र…

"दिलीप! ऐकलंस?"

"काय?"

"काका कुशीला वळले!"

ताणलेली तार वाऱ्याने गुणगुणायला लागली. काका झोप लागण्याआधी असेच गुणगुणायचे. हळूहळू नवार आवळत गेली आणि कमरेला कुणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखं वाटलं. परत फिरू या, असं ओरडायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात धुक्यातून मासेमारीची एक होडी पुढे आली. तीत एक म्हातारा नाखवा जाळं ओढत होता. त्याने मान वर केली. पांढरं शीड पांढऱ्या धुक्यात हरवलेलं, तार कुठून दिसणार? त्याला दिसला तो फक्त कानटोपी घातलेला एक जाडा माणूस, पाण्यावर हवेत आडवा पडून सरकत येणारा!

नाखव्याच्या हातातलं जाळं गळालं. त्याने छातीवर क्रूस केला.

"आप्पा?" तो किंचाळला. "आप्पा, तू मेलास ना रं?"

आता सांगा, समुद्राच्या मधोमध, काकांची नवार कमरेला असताना कुणी असा प्रश्न विचारला तर माणसाने काय करावं? मी मागे कोण आहे ते बघायला वळलो! ओल्या काठावरून पाय निसटला आणि तारेला लोंबकळणारा मी झोपाळ्यासारखा गरकन फिरून होडीच्या नाकावर जाऊन आदळलो. माझ्या वजनाने नाक पाण्यात घुसलं आणि होडी कोलांटी खाऊन पालथी झाली.

मी जाळीच्या खाली होतो. डोळ्यांसमोर हिरवा अंधार होता. मी वर जायला हातपाय मारले आणि कमरेपाशी कुणीतरी मला मागे खेचलं. परत मारले, परत खेचलं. हुक चाचपला, पण भार आल्यामुळे चाप जागचा हलेना. माझ्याच हाताने बसवलेला माझा मजबूत हुक! छाती फुटायला आली. आता मात्र खरोखर मरणाची भीती वाटली. सुनंदा डोळ्यांपुढे आली, आणि मग काका. मी पाण्यातच ओरडलो, "काका, चुकलो! सोडा!" (वर नुसते बुडबुडे आले असणार.)

पाण्याखाली फर्रर्र असा आवाज झाला आणि कमर मोकळी झाली.

मी डोकं वर काढलं तेव्हा दिलीप पालथ्या होडीवर बसून माझ्या नावाने रडत होता. नाखव्याची होडी जवळच होती, पण तो मला वर घेईना. हातातलं वल्हं माझ्यावर रोखून तो मोठमोठ्याने नमो मरिया म्हणत होता.

"नाखवा, हात द्या! मी आप्पांचा पुतण्या!"

"आदी पाय दाव!"

"काय?"

"पाय दाव पान्याभायेर! सुलटे हायेत का उलटे, बगू दे!"

भुताचे पाय उलटे असतात हे मलाही ठाऊक आहे. पण पोहता पोहता पाय वर काढायचे म्हणजे डोकं खाली घालावं लागतं! नुकताच मरता मरता वाचलेला मी, वसईच्या समुद्रात नाखव्याला दोन्ही तळवे दाखवण्यासाठी तीनदा बुडालो. तिसऱ्या खेपेला त्याची खात्री पटली.

"मानूस हाय," तो जरा नाराजीनेच म्हणाला, आणि मला कॉलरला धरून आत ओढलं.

घरी आलो तेव्हा सुनंदा नुसती माझ्या दंडाला धरून बसली आणि बराच वेळ तिने हात सोडला नाही. काकीने हार्नेसचा उरलेला तुकडा हातात घेतला. नवार जिथे फाटली होती तिथे ती जुनी, विरलेली आणि पिवळी पडलेली होती. काकांच्या बसण्याची जागा! वर्षानुवर्षं ते खाटेवर तिथेच बसायचे.

"किती वेळा सांगितलं त्यांना, इथे विरलीय, बदला," काकी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "काकी, काकांनी शब्द पाळला. कमरेला धरलं. पण मी चूक कबूल केली आणि त्यांनी माया करून मला सोडलं."

काकीने डोळे पुसले. तो तुकडा ताणून पाहिला, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सोडलं कसलं? जन्मात कुणाला सोडलं नाय त्यांनी. तू झेपला नसशील."