डावा पाय धरा

शिरूरच्या स्टँडवर गाड्या पुकारणारे ते कंट्रोलर मला रोज भेटायचे. न्हावऱ्यामार्गे दौंडला जाणाऱ्या गाडीची सगळी गावं ते एका दमात घ्यायचे. कबड्डीत कमावलेला दम होता तो. भारतीय संघाच्या शेवटच्या शिबिरापर्यंत ते पोचले होते. तिथून त्यांना घरी पाठवलं आणि दौंडचा त्यांचा जोडीदार एशियाडला गेला. त्याचं नाव ते कधी घेत नसत. "त्यो दौंडकर" एवढंच म्हणायचे, आणि वर, "नशीब असतं सर एकेकाचं."

एशियाडमधल्या अंतिम सामन्याच्या दिवशी कँटीनमधल्या टीव्हीसमोर उभं राहायला जागा नव्हती. दौंडकर शेवटच्या चढाईला निघाला, तसे हे बाकावरून अर्धवट उठले आणि ओरडले, "डावा पाय! डावा पाय धरा त्याचा!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. तेवढ्यात समोरच्या एका खेळाडूनं खरोखरच डावा पाय धरला. पण दौंडकरानं हिसडा देऊन तो सोडवला, मधली रेषा गाठली आणि भारत जिंकला.

लोक नाचू लागले. कुणीतरी यांच्या हातावर पेढा ठेवला. तो तसाच धरून ते माझ्याजवळ आले.

"सर, त्यो सापडावा आसं वाटलं ओ मला. भारत हरला तरी."

त्यांची नजर पुन्हा टीव्हीकडे गेली.

"डावा पाय कच्चाच व्हता त्याचा. सोडवायला म्याच शिकवलं व्हतं त्याला, दौंडला, नदीच्या वाळूत."