तराजूवरचं फूल

खंडेनवमीला बायकोने दुकानातला तराजू आणि घरातली अवजारं मांडून पुजली, पण संगणकाला मी हळदकुंकू लावू दिलं नाही. बाजार पालथा घालून, घासाघीस करून आणलेलं ते यंत्र सारखं बंद पडायचं. विकणारा दर वेळी म्हणायचा, "शेठ, तुमच्याकडची लाइटच खराब." आता तर ते निळ्या पडद्यापुढे सरकतच नव्हतं. आत माझ्या वडिलांच्या आवाजातली आरती अडकली होती. वडील गेले, दुसरीकडे कुठे त्यांचा आवाज नाही.

मुलीने पेनड्राइव्ह खोचला. "बाबा, यावरून संगणक चालवणारी दुसरी सिस्टिम लावून बघते."

"केवढ्याला?"

"फुकट आहे."

"फुकट कोण देतं? मेख काय ते विचार आधी."

"विचारू कुणाला? जगभरच्या लोकांनी मिळून बनवलीय."

पडदा उजळला. यंत्र तेच, पण जागं करणारं कुणी वेगळंच होतं. मुलीने आत शोधून ती आरती लावली. मग वडील खाकरले, आरती म्हणू लागले आणि नेहमीसारखे दुसऱ्या कडव्यात चुकले. बायको हातातलं तबक तसंच धरून उभी राहिली.

माझा जन्म भाव पाडण्यात गेला. समोरच्याच्या डोळ्यांवरून मी त्याची अडचण ओळखतो. इथे समोर कुणीच नव्हतं. मला न ओळखणाऱ्या माणसांनी काही न मागता माझ्या घरात वडिलांना बोलतं केलं होतं.

त्या विकणाऱ्याला मी सोडणार नाही, ते वेगळं. पण आरती संपल्यावर मी तराजूवरचं झेंडूचं फूल उचललं आणि संगणकावर ठेवलं.