मामंजींसमोरची खुर्ची

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या वृद्धाश्रमात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सोमवारी मीही सकाळपासून नुसतं देवाचं नाव घेत होते. व्यायाम घेणाऱ्या मॅडम प्रत्येकाला खुर्चीतून उठवून बघणार होत्या. हाताचा आधार न घेता उठता आलं तर इथंच राहायचं, नाही तर घरच्यांना फोन. धरून उठवायला माणसं पुरत नाहीत, असं संस्थेचं म्हणणं. मला माझ्या गुडघ्यांची फिकीर नव्हती. जीव टांगणीला लागला होता तो माझ्या खोलीतल्या बाईसाठी. तिला घरचं म्हणावं असा लोहारा गावचा एक पुतण्या, तोही फोन उचलत नव्हता.

उठता येत नव्हतं असं नाही हो! खोलीत ती खाटेवरून टुणकन उठायची. पण हॉलमध्ये आम्ही खुर्च्यांवर बसून हात वर, हात खाली करायचो, तेव्हा ही मागं सतरंजीवर. कारण पुढच्या रांगेत तिच्या सासरच्या गावचे एक आजोबा बसायचे. वयानं तिच्याहून लहान, पण भावकीच्या नात्यानं चुलत सासरे! मी किती डोकं फोडलं. "अगं, सत्तरी उलटली तुझी, आता कसला सासरा?" तर म्हणायची, "मामंजी हायती. त्येंच्यासमोर खुर्चीत बसवत न्हाय वो ताई."

तिचा नंबर आला. मॅडम म्हणाल्या, "आजी, या, खुर्चीत बसा." ही सतरंजीवरच, पदर नाकापर्यंत, मान खाली. मॅडमनी पुन्हा सांगितलं, मग सुस्कारा टाकला. "नाही जमणार यांना."

माझं टाळकंच सरकलं. "जमतंय तिला! हे पुढं बसलेत ना, ते सासरे लागतात तिचे. त्यांना आधी बाहेर पाठवा!"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला जीभ चावावीशी वाटली.

"जातो की म्या. त्यात काय," आजोबा म्हणाले. त्यांनी खुर्चीचे हात धरले, अर्धे उठले आणि धपकन बसले. पुन्हा जोर लावला, पुन्हा बसले. कपाळावर घाम आला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हे रोज आमच्या आधी येऊन बसलेले असतात आणि सगळे गेल्यावर उठतात. त्यांना उठताना आम्ही कुणी कधी पाहिलंच नव्हतं. आता मॅडमही त्यांच्याकडंच बघत होत्या.

तोवर ही उठली. जमिनीवरून, हात न टेकता. तरातरा पुढं आली आणि ज्यांच्याशी कधी मान वर करून बोलली नव्हती, त्यांच्या काखेत हात घातला. "उठा मामंजी." आजोबा थरथरत उभे राहिले.

"आजी, तुमचं झालं," मॅडम म्हणाल्या. "पण आजोबा, तुमच्या घरी आता..."

"थांबा वो मॅडम!" तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "त्येंचं फुडल्या महिन्यात बघा."

मॅडमनी हातातल्या कागदावर आजोबांच्या नावापुढं 'पुढचा महिना' असं लिहिलं. हिनं आजोबांना हळूच खाली बसवलं, शेजारची खुर्ची ओढली आणि भर हॉलमध्ये सासऱ्याच्या शेजारी बसली. बाई गं, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पदर मात्र तसाच, नाकापर्यंत.

"आता रोज माझ्यासंगं उठायचं," ती म्हणाली. "हात काढा बघू खुर्चीवरनं."

"व्हय सूनबाई," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.