तिसरा माणूस कुठे आहे?

बंदरावर सगळे त्यांना शिक्केमामा म्हणत. परदेशातून शिडाच्या खासगी होड्या आल्या की त्यांची कागदपत्रं करून द्यायची, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा धंदा. आरोग्य, जकात आणि प्रवेश परवाना अशा तीन कचेऱ्या, तीन टोकांना. कुठला साहेब किती वाजता जेवायला उठतो, हे मामांना तोंडपाठ होतं. पण त्या सोमवारी आलेल्या होडीनं त्यांच्या नाकी नऊ आणले.

होडीवर दोघंच, निवृत्त शिक्षक नवरा-बायको. बाईंची दाढ सुजून गाल फुगलेला. तिन्ही शिक्के पडेपर्यंत जमिनीवर पाय ठेवायचा नाही, असा नियम.

"मामा, दातांच्या डॉक्टरकडे तेवढं जाऊन येऊ द्या हो," बाई होडीतूनच म्हणाल्या.

"दुपारपर्यंत कळ काढा, ताई. हा गेलो आणि हा आलो."

आरोग्याचा शिक्का तासाभरात मिळाला. प्रवेश परवान्याच्या साहेबांनी मात्र कागदावर बोट ठेवलं.

"मागच्या बंदराच्या दाखल्यावर तीन माणसं आहेत. तिसरा माणूस कुठे आहे?"

"बाईंचा भाऊ, साहेब. तो तिथंच उतरून विमानानं घरी गेला. तिथल्या कारकुनानं नाव खोडलं नाही."

"मग तिकडून दुरुस्त करून आणा."

"होडीनं चार दिवस लागतात!"

"त्याला मी काय करू?"

जकातवाले म्हणाले, आधी प्रवेशाचा शिक्का आणा. मागच्या बंदरात मामांनी दहा वेळा फोन लावला, कुणी उचलला नाही. मंगळवारी त्यांनी भावाला व्हिडिओ कॉलवर साहेबांपुढे उभं केलं. भावानं बिचाऱ्यानं आपलं स्वयंपाकघरसुद्धा दाखवलं.

"फोनवर शिक्का कुठे मारू?" साहेब म्हणाले.

बुधवारी बाईंना ताप चढला. जन्मभर डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर ठेवून कामं काढणाऱ्या मामांचा तोल गेला. त्यांनी फाईल टेबलावर आपटली.

"ठीक आहे, साहेब. कागदावर तीन, होडीत दोन. म्हणजे एक माणूस समुद्रात पडला. तसं लिहून देतो. शोधाला बोटी पाठवा, वरिष्ठांना कळवा, वर्तमानपत्रांना मी सांगतो."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी गुपचूप खालचा खण उघडला आणि एक पिवळा अर्ज पुढे सरकवला. 'खलाशी यादीतील दुरुस्ती'. होडीच्या मालकाची सही घेतली की झालं, दहा मिनिटांचं काम.

मामा अर्ज घेऊन होडीकडे धावले, आणि संध्याकाळपर्यंत उरलेले दोन्ही शिक्के पडले.

दाढ काढावीच लागली. "सोमवारी आला असतात, तर वाचली असती," दातांचे डॉक्टर म्हणाले. बाई गालाला रुमाल लावून मामांचे आभार मानत राहिल्या, आणि मामांना त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच मामा खिडकीशी उभे होते. "त्या पिवळ्या अर्जाच्या दहा कोऱ्या प्रती द्या."

"तसं देता येत नाही," कारकून म्हणाला. "आधी चूक दाखवा, मग अर्ज."