पूजेत अडकलेली भट्टी

कन्नड तालुक्यातला कडूबा वाळूजच्या एका कारखान्यात भट्टीवर होता. अकरा वर्षं. तीही ठेकेदाराच्या हजेरीवर, म्हणजे सकाळी नाव लिहिलं तर कामगार, नाहीतर गेटबाहेरचा माणूस. काम स्टेनलेसचे पाईप तापवायचं. अकराशे डिग्रीला वीस मिनिटं, मग भसकन पाण्यात. वीस म्हणजे वीस. का, ते त्याला प्रयोगशाळेतल्या इब्राहीमभाईंनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं. स्टीलच्या पोटात बारीक बारीक दाणे असतात. आच जास्त वेळ लागली की मोठा दाणा शेजारच्या लहानाला गिळून फुगत जातो. तालुक्याच्या राजकारणात असंच चालतं, त्यामुळं कडूबाला ते एका दमात समजलं.

त्या वर्षी मालक आप्पासाहेबांनी जाहीर केलं, की खंडेनवमीला कडूबाला कायम करणार. पत्र टाइप झालं आणि पूजेच्या ताटात हळदीकुंकवाशेजारी येऊन बसलं. आता खंडेनवमीला शहाणी माणसं भट्टी थंड करून पूजा करतात. पण आप्पासाहेब पडले हौशी. "विझलेल्या भट्टीला काय ओवाळायचं?" म्हणाले. झालं! भट्टी पेटती, आत दोनशे पाईप, दाराला झेंडूचं तोरण, पुढ्यात नारळ. आरती दहा मिनिटांत उरकणार होती. पण गुरुजींच्या वाट्याला त्या दिवशी नऊ ठिकाणच्या पूजा होत्या, आणि ते छावणीतल्या तिसऱ्या पूजेतच अडकून पडले.

वीस मिनिटं भरली. कडूबा हळूच म्हणाला, "साहेब, माल काढतो."

"अरे, तोरण बांधलंय. देवाच्या दारात कसली घाई?"

कडूबा मागं सरला. पन्नासाव्या मिनिटाला त्यानं पुन्हा तोंड उघडलं, ताटातल्या पत्राकडं बघितलं आणि मिटलं. गुरुजी आले. आरती झाली. एकीवर भागेना म्हणून सगळ्या देवांची झाली. माल निघाला तेव्हा दोन तास उलटून गेले होते.

वरून पाहाल तर पाईपांना नाव ठेवायला जागा नव्हती. आप्पासाहेब खूश. त्यांनी कडूबाच्या हातात पत्र दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गेटवर गिऱ्हाइकाचा ट्रक उभाच होता. हे पाईप एका दूध डेअरीत जाऊन, वाकवून बसवले जाणार होते.

कडूबानं पत्र खिशात घातलं. मग एक पाईप उचलून टेबलावरच्या पाईप वाकवायच्या यंत्रात अडकवला आणि सगळ्यांदेखत वाकवला. वाकणाची बाहेरची बाजू मोसंबीच्या सालीसारखी खरबरीत उठली.

"दाणा वाढला, साहेब. आतूनबी असाच खरबरीत व्हणार, दूध अडकून नासंल. हा माल द्यायचा नाय."

"मग घाल की परत भट्टीत. मंद आचेवर."

"साधं लोखंड असतं तर जमलं असतं. स्टेनलेसचा दाणा एकदा वाढला की आचेनं लहान व्हत नाय. अजून वाढंल."

आप्पासाहेबांनी इब्राहीमभाईंकडं पाहिलं. इब्राहीमभाईंनी खाली मान घातली. "सही बोल रहा है, सेठ."

ट्रक रिकामा परत गेला. आप्पासाहेब त्या वाकड्या पाईपवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुला एवढं कळत होतं, तर दार का नाही उघडलंस?" घ्या! तोरण बांधणाऱ्यानंच हे विचारावं! पण मालकाच्या तोंडाला कोण लागणार. आप्पासाहेबांनी हात पुढं केला, तेव्हा कडूबानं खिशातून पत्र काढून त्या हातावर ठेवलं.

घरी बायकोनं, आशाबाईनं, सकाळीच गल्लीभर पेढे वाटून टाकले होते. ऐकलं तशी ती "अकरा वर्षं वो," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. कडूबालाही रडू आवरेना. दोघं पोटभर रडली. मग पदरानं डोळे पुसत ती उसळली, "त्या मेल्या मालकाचीच चूक! तुम्ही सांगितलं व्हतं ना त्याला?"

"व्हय. एकदा सांगितलं."

"मंग दुसऱ्यांदा का नाय सांगितलं?"

कडूबानं रिकामा खिसा चाचपला.

"पत्र जाईल म्हणून," तो म्हणाला.