बेबी बोरसेचा राखून ठेवलेला निकाल

१९८७च्या जूनमध्ये टी.वाय.बी.ए.चा निकाल लागला, तेव्हा धुळ्याच्या कॉलेजच्या भिंतीवर बेबी बोरसेच्या नंबरापुढे पास नव्हतं आणि नापासही नव्हतं. ‘निकाल राखून ठेवला आहे’ एवढंच होतं. तिनं त्या ओळीवरून तीन वेळा बोट फिरवलं. मग ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली, ती जेवणाची सुट्टी संपून खिडकी पुन्हा उघडेपर्यंत जागची हलली नाही.

बेबी धुळ्याजवळच्या फागण्याची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, तेव्हा घरात जी हाक मारत तेच नाव तिच्या बापानं, कौतिक बोरसेनं, सांगून टाकलं. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावरही तेच. रोज सकाळच्या एसटीनं धुळ्याला यायचं, तास करायचे, परतून म्हशीचं बघायचं. तिला बी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. लग्नाच्या बैठकीत डोक्यावरचा पदर ढळू न देता तिनं हे सगळ्यांदेखत सांगितलं होतं, आणि होणारे सासरे शालिग्राम देवरे, म्हणजे नाना, म्हणाले होते, “शिकू द्या. आमची ना नाही.”

माणूस खोटा नव्हता. नानांनी बत्तीस वर्षं पोस्टात काढलेली. धुळ्यातच, देवपुरातल्या त्यांच्या ओट्यावर अर्ज भरून घ्यायला माणसं यायची. रेशनकार्ड असो, पेन्शन असो, नाना चष्मा लावून भरून द्यायचे, चहाही पाजायचे. त्यांनी भरलेला फॉर्म परत येत नाही, असं लोक म्हणत. लोकांच्या आधी ते स्वतः म्हणत.

लग्न झालं माघात. ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं, सुकदेवनं, अंगठीनं नाव लिहिलं, ज्योत्स्ना. नाव नानांनीच काढून दिलं होतं. सासू झुंबरबाई म्हणाल्या, “बेबी हाई काय नाव शे? धाकली पोर शे का ती?” सगळे हसले. बेबीही हसली. नवरीला दुसरं काय करता येतं?

तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती, आणि पहिल्या वर्षाचा एक विषय, अर्थशास्त्र, तिच्या मानेवर बसलेला होता. एखाद-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येतं, त्याला कॉलेजात ए.टी.के.टी. म्हणतात. पण पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्यात पाऊल टाकता येत नाही, हाही नियमच. म्हणून एप्रिलच्या परीक्षेला तिला दोन फॉर्म भरायचे होते. दुसऱ्या वर्षाचा तिनं जानेवारीतच, लग्नाआधी, स्वतः भरला. अर्थशास्त्राच्या फॉर्मची मुदत नेमकी लग्नानंतर आली. ती तेव्हा पाचपरतावणीला माहेरी गेलेली. नानांनी तो फॉर्म भरला. नावाच्या रकान्यात लिहिलं, ‘ज्योत्स्ना सुकदेव देवरे’. खाली सहीही तशीच ठोकली, आणि कॉलेजात स्वतः नेऊन दिला.

परीक्षेची दोन तिकिटं आली, दोन नावांची. तिनं नानांना विचारलं. “वेगळं कुठं आहे? तुझंच आहे.” कॉलेजच्या ऑफिसातले कारकून धनसिंग भाऊसाहेब, त्यांना विचारलं. “माणूस तोच ना? बसा परीक्षेला.” ती बसली. अर्थशास्त्रात चौपन्न मार्क मिळाले. त्या मार्कशीटवर कॉलेजनं तिला तिसऱ्या वर्षाला प्रवेश दिला, आणि वर्षभर कोणी हूं की चूं केलं नाही.

आता खिडकी उघडली. धनसिंग भाऊसाहेबांनी विद्यापीठाचं पत्र काढलं.

“बोरसेबाई, विद्यापीठात तुम्ही दोन बाया आहात. बेबी बोरसे एफ.वाय.च्या अर्थशास्त्रात आजही नापास आहे. आणि ज्योत्स्ना देवरे नावाची कोणी एकाच विषयाला बसली, पास झाली, तिचं मागचं-पुढचं काहीच नाही.”

“मग मला टी.वाय.ला घेतलं कसं?”

“मार्कशीट तुम्हीच आणून दिलं होतं.”

“त्यावर नाव कोणाचं होतं ते तुम्ही वाचलं नाही?”

भाऊसाहेबांनी टेबलावरचा रूळ सरळ केला. “फॉर्म द्यायला नाना स्वतः आले होते. म्हटलं, बरोबरच असेल. आता नियम असा आहे, एफ.वाय. सुटल्याशिवाय...”

“नियम मला पाठ आहे, भाऊसाहेब. म्हणून तर तो विषय सोडवला.”

“जुळलं नाही तर टी.वाय.चं वर्ष रद्द धरतात,” ते हळूच म्हणाले.

जुळवायची वाटही त्यांनीच सांगितली. दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र. शिवाय त्या फॉर्मवर सही कोणी केली आणि का केली, याचा खुलासा, करणाऱ्याच्या सहीनिशी. सगळे कागद देवरे नावावर हवे असतील तर नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट करावं लागेल, त्याला तीन-चार महिने. जुन्या नावावर ठेवायचे असतील तर आठ-दहा दिवसांत होईल. त्या दिवशी तारीख होती सव्वीस जून. जळगावच्या बी.एड.ची मुदत पंधरा जुलै.

घरी येऊन तिनं चप्पलही काढली नाही, ओट्यावरच नानांना सगळं सांगितलं.

नाना म्हणाले, “गॅझेट करू. देवरेंच्या घरातली पहिली पदवी, ती बोरसेंच्या नावावर?”

“तोवर बी.एड. गेलं, नाना.”

“पुढच्या वर्षी कर. आणि खुलासा कसला? मी चुकलो असं लिहून देऊ? माझ्या हातचा एक फॉर्म परत आलेला दाखव मला.”

“हा आला आहे.”

नाना उठून आत गेले. चार दिवस त्यांनी सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही.

सुकदेव वरणगावच्या फॅक्टरीत होता, शनिवारी संध्याकाळी यायचा. त्यानं दोघांचं ऐकलं आणि रविवारी तिला म्हणाला, “नानांना कोर्टाच्या कागदावर नको घेऊ. एक वर्षच जाईल ना? एक पेपर काय, पुन्हा देऊन टाक.”

“एक पेपर नाही, तिसरं वर्ष अख्खं. तुम्ही असं करा, वर्षभर दुसऱ्याच्या नावानं हजेरी लावा. मग तुमचे साहेब म्हणतील हा माणूस आलाच नव्हता, आणि मी म्हणेन, एक वर्षच गेलं ना.”

सुकदेव गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा तिला नानांच्या बोलण्याहून जास्त राग आला. त्या रागात ती एकवीरेच्या देवळात गेली. मागणं काही मागितलं नाही. देवीपुढे नाव सांगावं लागत नाही, एवढ्यानंच तिला थोडं बरं वाटलं. राग मात्र जसाच्या तसा घेऊन ती पायऱ्या उतरली. त्यात थोडा स्वतःवरचाही होता. हातात दोन नावांची दोन तिकिटं होती, तेव्हा आपण तोंड का उघडलं नाही?

सोमवारी ती एकटी कोर्टात गेली. वकिलाकडून मजकुराचा नमुना घेतला आणि घरी येऊन स्वतःच्या अक्षरात कच्चा कागद लिहिला. संध्याकाळी नानांसमोर उभी राहून तो वाचला. “माझ्या गैरहजेरीत, मला न विचारता, माझे सासरे शालिग्राम देवरे यांनी सदर फॉर्म भरला व माझ्या नावाने सही केली.”

“‘न विचारता’ कशाला? ‘अनवधानाने’ लिही,” नाना म्हणाले.

“अनवधानानं नाही झालं. तुम्हाला माझं जुनं नाव ठाऊक होतं. मी फागण्यात होते, एसटीनं अर्ध्या तासावर. विचारायला माणूस धाडता आला असता.”

“सासऱ्याला कोर्टात उभं करतेस?”

“मी जे झालं ते लिहिलंय. खोटं असेल ती ओळ दाखवा, खोडते.”

आतून झुंबरबाई म्हणाल्या, “तुम्हीच भरेल शे ना फॉर्म? मंग सांगाले काय लाज?”

मग नानांनी हात पुढे केला, कागद घेतला, चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचला. “यात तारीख नाही,” ते म्हणाले. “तारखेशिवाय कागद टेबलावरून पुढे सरकत नाही. बावीस फेब्रुवारी लिही.”

म्हणजे यांना तारीखसुद्धा पाठ होती. तिनं तारीख लिहिली. ‘न विचारता’ तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी नानांनी कोर्टात स्टँप पेपरावर सही केली आणि तिच्याकडे न बघता बाहेर निघून गेले.

सुकदेवनं रजा काढली आणि दोघं कागद घेऊन विद्यापीठात गेले. चार टेबलं, दोन मुक्काम. अकरा जुलैला निकाल सुटला, सेकंड क्लास, बेबी कौतिक बोरसे. नानांनी गल्लीत पेढे वाटले, “आमची ज्योत्स्ना बी.ए. झाली,” म्हणत. बेबीनं आपल्या हातातला पेढा सासूच्या ताटलीत ठेवला आणि बी.एड.चा फॉर्म भरायला बसली. नानांच्या ओट्यावर नाही, आत, दार लोटून. तेरा तारखेला तो जळगावला नेऊन दिला.

चौदाला ती मूळ मार्कशीट घ्यायला कॉलेजात गेली.

“झालं ना काम?” धनसिंग भाऊसाहेब म्हणाले. “उगीच चिंता करत होता.”

“झालं. कारण मला कागद लिहिता येतो आणि नवऱ्याला रजा मिळाली. जिला हे दोन्ही नाही, तिचं वर्ष तुम्ही खुशाल रद्द करणार. दर लग्नसराईत तुमच्याकडे अशा किती मुली येतात?”

“ते मी काय सांगणार?”

“पदवी होईपर्यंत नाव बदलू नये, हे फॉर्मच्या दिवसांत फळ्यावर लिहून लावा.”

“त्याला प्राचार्यांची परवानगी लागते.”

बेबीनं पिशवीतून कागद काढला. खिडकीच्या फळीवर ठेवून उभ्या उभ्याच प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला, खाली तारीख घातली, सही केली. मागे रांग वाढत होती. कोणीतरी म्हणालं, “बाई, आटपा.” तिनं मागे पाहिलं नाही.

भाऊसाहेबांनी अर्ज घेतला आणि ढिगाच्या तळाशी सरकवला.

“पोच द्या,” ती म्हणाली, आणि खिडकीचा गज धरून उभी राहिली.