बाबांनी समुद्र मोजला

“मम्मी, पानी टायर तक आ गया! आजोबांना बोल ना यार!”

माझी लेक गाडीच्या टपावरून ओरडत होती. मोबाइलला रेंज मिळते का बघायला ती वर चढली होती. रेंज मिळाली नाही, समुद्र मात्र मिळाला.

खाली बाबा हात पाठीमागे बांधून उभे होते. त्यांनी आईची काठी पाण्याच्या कडेला रोवली होती आणि तिच्यावर नजर ठेवून होते. “ओरडू नका,” ते म्हणाले. “पाणी स्थिर आहे.” काठी एव्हाना अर्धी पाण्यात होती, आणि बाबांची पँट पोटरीपर्यंत ओली होती.

गाडी म्हणजे भाड्याची कॅरव्हॅन. तिच्या पोटात दोन पलंग, शेगडी, बेसिन आणि एक संडास, इतका जवळ की आत बसून पोळी उलटता आली असती. आईला चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवा गुडघा बसला आणि ती म्हणाली, आता मला समुद्र दाखवा. म्हणून ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतून निघून अकरा दिवस झाले होते. आता कोकणच्या किनाऱ्याने खाली खाली चाललो होतो. हॉटेल नाही, दुकान नाही, माणसांपेक्षा खेकडे जास्त. डॉक्टरांनी निघताना एकच बजावलं होतं: हा पाय घसरता कामा नये, एकदा पडल्या की सगळं पहिल्यापासून.

बाबांची सगळी नोकरी सिंचाई विभागात, धरणावर पाण्याची पातळी मोजण्यात गेली. धरणात मासा शिंकला तरी पातळी किती वाढली ते बाबा सांगत. त्यामुळे त्या सकाळी गाडी कुठं उभी करायची हे त्यांनीच ठरवलं. वाळू सडकेसारखी टणक होती आणि समुद्र इतका लांब, की त्याला भेटायला टेम्पो करावा लागला असता. माझा नवरा म्हणाला, वर सुरूच्या झाडांखाली लावू, भरती आली तर?

“भरती चंद्रामुळे येते,” बाबा म्हणाले. “आत्ता तुम्हाला चंद्र दिसतोय? पाऊस नाही, वरून कुणी पाणी सोडलेलं नाही. मग येणार कुठून, जावईबापू?”

आम्ही ग्वाल्हेरची माणसं. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, पाऊण तास येतं, आणि तेही मोटर लावून ओढावं लागतं. न बोलावता येणारं पाणी आमच्यापैकी कुणी पाहिलेलंच नव्हतं. सगळ्यांना पटलं. मीही मान डोलावली होती, पण हे मी परत आल्यावर कुणाला सांगितलेलं नाही.

जेवण झालं आणि नवरा प्यायच्या पाण्याचा कॅन घेऊन गावाकडे गेला. किल्ली खिशात घालून गेला. आमच्याकडे हजीऱ्याच्या बाजारात एकदा त्याची स्कूटर चोरीला गेली, तेव्हापासून तो आंघोळीलाही किल्ली घेऊनच जातो. आणि तो दिसेनासा झाल्यावर समुद्र निघाला.

मी दाराशी धावले. आई दाराजवळच्या पलंगावर बसली होती, पाय लांब करून. पायरीच्या वर पाणी आलं होतं.

“आई, ऊठ. मी धरते, हळूच उतर.”

“नाही.”

“अगं पाणी आलंय!”

“पाणी स्थिर आहे,” आई म्हणाली. “हे म्हणालेत ना? पन्नास वर्षं हे म्हणतील तेच झालं. मग आजही तेच. चुकलं म्हणाले तर उतरते.”

चुकलं? बाबा? एकदा आग्र्याला जायचं म्हणून त्यांनी आम्हाला झाशीच्या गाडीत बसवलं होतं. झाशी आली तेव्हा त्यांनी स्टेशनमास्तरला विचारलं होतं, आग्रा इथून कधी हलवलं?

“बाबा, म्हणा ना एकदाचं!”

“काय म्हणू? ही वाऱ्याची लाट आहे. बसेल खाली.”

“आजोबा, प्लीज! गाडी टेढ़ी हो रही है!”

खरंच गाडी एका अंगाला कलत होती. मागचं चाक वाळू खात होतं. लाटा हत्तीएवढ्या येत होत्या. बरं, हत्तीच्या गुडघ्याएवढ्या. पण मला पोहता येत नाही, आणि मनात एकच चित्र होतं: आई घसरली, पाय मुडपला, आणि आम्ही अशा किनाऱ्यावर, जिथं डॉक्टर सोडा, कुत्रंही नव्हतं. मी आईचा दंड धरून ओढला. तिनं दाराची चौकट धरली. ती माझ्यापेक्षा कितीतरी घट्ट निघाली.

मग एक मोठी लाट आली. काठी उखडून वाहत गेली. गाडी दणकन खाली बसली, आतली भांडी कोसळली, आणि आईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. चौकट धरलेली बोटं त्याहून पांढरी.

ते बाबांनी पाहिलं. ते पाणी तुडवत दारापाशी आले.

“उतर,” म्हणाले. “चुकलं.”

“काय?” आईनं विचारलं. “लाटांचा फार आवाज आहे हो.”

“माझं चुकलं!” बाबा इतक्या जोरात ओरडले की ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली असतील.

आईनं चौकट सोडली. बाबांनी आणि मी हातांची खुर्ची केली, लेकीनं टपावरून उतरून मागून पाठ धरली. कोरड्या वाळूपर्यंत चाळीस पावलं होती, मी चारशे सांगते. अध्येमध्ये बाबांचा पाय खड्ड्यात गेला, आई कलंडली, आणि मी ज्या देवांची नावं घेतली त्यातले दोनतीन शेजाऱ्यांचे होते. पण गुडघा कशावरही आपटला नाही.

गावात भरतीचं कळलं म्हणून पाऊण तासानं नवरा किल्ली उंचावत धावत आला, मागोमाग गावातला ट्रॅक्टर आणि पाचसहा कोळी. दोर बांधून त्यांनी गाडी ओढून काढली. बेसिनमध्ये एक खेकडा मिळाला. बाबा ट्रॅक्टरवाल्याला वाळूच्या पोतावर काहीतरी समजावत होते.

सुरूखाली आईचा गुडघा मी दहा वेळा चाचपला. सूज नव्हती.

“आई,” मी हळूच विचारलं, “बाबा म्हणालेच नसते तर?”

“उतरले असते,” ती म्हणाली. “मला कुठं पोहता येतं?”